गुडघ्याचं माप

कुंपण मोडणारी ती तपकिरी मेंढी,
तिचीच लोकर. ऑस्लानं चाकावर कातली.
सूत कुठं जाड: रेडिओवर वादळ सांगत होते;
कुठं केसाएवढं: कुत्रं उगाच भुंकलं.

मग सुया. शंभर टाके, गोल गोल.
माप गुडघ्यावर घ्यायची तिची रीत;
गिबीचं डोकं नि तिचा गुडघा,
चाळीस वर्षं घेर एकच.

यंदा गुडघा सुजलाय.
टोपी भुवया गिळून नाकावर टेकली.
"शेवटी घातलीस ना टोपी मला!"

उसवते म्हणाली. दिली नाही त्यानं.
फेटलरच्या वाऱ्यात निघाला धक्क्याकडे
चाचपडत,
डोळ्यांवर मेंढीचा वास.
मागून ती,
एक पाय ओढत,
उरलेला गुंडा खिशात.