सूरगाठ

दुपारी साडेतीनला उजेड पिवळा झाला
आणि कोंबड्या आपणहून डाल्याकडे निघाल्या,
दिवस बुडाल्यासारख्या.
फोनवर इशारा आला तो चार वाजता.
त्यांनी आधीच वाचला होता.

नवरा लाइनमन. वावधन सुटलं की
सगळ्यांचे नवरे घरात येतात, माझा बाहेर जातो.
गाडीला किक मारताना म्हणाला,
"बकऱ्या टिनाखाली नोको ठेवू. अन् बांधू त बिलकुल नोको."
एवढंच. मग फाट्यापर्यंत त्याचा आवाज, मग तोही नाही.

मी एकटी आणि बावीस जीव.

मोहफुलं अंगणात वाळत होती, राहू दिली.
डालं आतल्या खोलीत, खाली तणस, वर पाटा.
एक तांबडी कोंबडी कवेलूवर जाऊन बसली.
तिला शिव्या दिल्या, मग दाणे दाखवले,
मग परत शिव्या.
चांदी आणि तिच्या दोन पाठी स्वैपाकघरात, दावी काढून.
पिठाचा डबा वर ठेवायची राहिले.
त्याचं पुढे काय झालं, सांगत नाही.
मांजरीनं चारही पिल्लं कधीच हलवली होती
ढोल्यात, धानाच्या उबेला.
मला विचारलं नाही तिनं.
मीही झाकण अर्धंच लोटलं.

मग वारं.
आधी धूळ, मग बोडीकडून फांद्या मोडल्याचा आवाज,
मग कोणाचा तरी टिना गावावरून गेला
फेकलेल्या परातीसारखा.
आणि त्या सगळ्यात एक आवाज ऐकू आला.
भुंकणं नव्हतं ते. भुंकणं संपल्यावर उरतं ते.

दरोगा.
कापगते गुरुजींचा. घराला कुलूप,
माणसं लग्नाला उमरेडला,
कुत्रं सांदवाडीत आंब्याला बांधलेलं,
पुढ्यात दोन दिवसांच्या भाकरी, मोजून.

पाच वर्षं झाली, हा मला ओळखत नाही.
रोज बोअरिंगवर जाताना अडवतो,
एकदा साडीचा काठ फाडलाय.
त्याला मी बावीसमध्ये धरलं नव्हतं,
खोटं कशाला बोलू.

डोक्यावर घमेलं घेतलं, हातात विळा.
पहिली गार टण्णकन वाजली,
दुसरी बोटाच्या पेरावर बसली,
मग मोजता येईना.

निरगाठ होती. नायलॉनची.
ओढून ओढून त्यानंच घट्ट केलेली,
ओली, केसांत रुतलेली.
विळा चालवायचा तर गळ्याशी हात न्यायचा.
नेला.
त्याचे दात माझ्या मनगटाला लागले.
चावला नाही. नुसते टेकवून उभा राहिला,
थरथरत तो होता की मी, कळेना.
एक घमेलं, दोन डोकी.
कोणाच्या डोक्यावर धरलं ते आठवत नाही.
टेंगूळ मला आलंय.

दोर तुटला तसा गेला,
पांढऱ्या अंगणातून काळी रेघ,
मागं वळून न बघता.

नवरा रात्री दोनला आला, अंगभर चिखल.
"सगळे हायेत?" म्हणाला.
"बावीस," म्हटलं. आणि रडायला लागले,
काऊन ते त्याला कळलं नाही.

सकाळी आंबा आडवा. भाकरीची परात त्याच्याखाली,
पत्र्याची पोळी झालेली.
दुपारच्या एसटीनं गुरुजींची मंडळी आली.
"कुत्रं कोणं सोडलं व?" गुरुजीण दारातूनच.
मी आंब्याकडे बोट केलं. बोट सुजलेलं.
तिनं आंबा बघितला, परात बघितली,
तुटका दोर उचलून हातात घोळवला बराच वेळ.
"नवा होता," म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दरोगा आला,
कान फाटलेला, पोट भरलेलं, कुठून कोण जाणे.
बोअरिंगच्या वाटेवर उभा राहिला
आणि माझ्यावर भुंकला, अगदी पहिल्यासारखा.
बरं वाटलं.

आता मी सगळं सूरगाठीनं बांधते.
एक टोक ओढलं की मोकळं.
चांदीला ते टोक सापडलंय.
काल गुरुजींची वांगी खाऊन आली.