अपसव्य

लसूडिया मोरीच्या मागल्या यार्डात
चौदाव्या दिवशी ती गाडी बघायला गेले.
आमच्या कंपनीत मरणाला 'घटना' म्हणतात.
मीही म्हणते. फॉर्मवर जागाच तेवढी असते.

बॉनेट सतरंजीसारखं दुमडलेलं.
तसंच दुमडायला हवं असतं ते;
पत्रा मोडतो म्हणून आतल्याला
थोडा वेळ मिळतो.
दोन्ही फुगे बाहेर लोंबत होते,
उशीचे अभ्रे वाळत घालावेत तसे.
सीटवर पांढरी भुकटी. फटाक्याचा वास उडून गेलेला.
शकूर म्हणाला, "गुब्बारे दोनों खुले हैं, मैडम."

खुलेच होते. पापणी लवायच्या आत
भरले होते, आणि लगेच
मागच्या भोकांतून रिते व्हायला लागले होते,
कारण भरलेलाच राहिला तर फुगाही भिंतच.
पण फुगा एक धरून चालतो:
की समोरचं माणूस आपल्या जागी आहे,
कुणीतरी त्याला धरलंय,
ते जरा उशिरा पोचेल.
नाहीतर दोघं अर्ध्या वाटेत गाठ पडतात.
ती गाठ बरी नसते.

मी पट्टे वाचते. पगार बाकीच्या कागदांचा.
उजवीकडचा ओढला, वीतभर येऊन अडला.
कायमचा अडलाय तो. एकदा ओढ सोसलेला पट्टा
दुसऱ्यांदा कामाचा नसतो.
खांद्याजवळच्या कडीत प्लास्टिक वितळून
त्याच्यावर चकाकी चढलेली, वीण लाटालाटांची झालेली.
त्या क्षणी सत्तर किलोचा माणूस दोन टनांचा झाला होता
आणि ही तीन बोटं रुंद पट्टी
त्याच्या बरगड्यांना, खुब्याच्या हाडांना सांगत होती,
वाटून घ्या रे, वाटून घ्या.

हेरंब पलसीकर बाजूलाच उभे होते.
डोक्यावर बोटभरही केस नाहीत.
मी विचारलं नव्हतं, तरी वरची दोन बटणं काढली.
उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे उतरणारा वळ,
निळा होता म्हणाले, आता पिकल्या लिंबासारखा.
"दहाव्याला शिप्रेवर गुरुजी म्हणाले, अपसव्य करा.
जानवं उजव्या खांद्यावर घेतलं
तर बरोबर ह्याच्यावर बसलं. दुखलं."

डावीकडे बसणाऱ्याचा वळ उलटा पडतो,
डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेला. सव्य.
शवविच्छेदनाच्या कागदात
छातीबद्दल चार ओळी होत्या, मानेबद्दल सहा.
असा वळ कुठे नव्हता.

डावा पट्टा ओढला.
सर्रकन आला, सगळाच्या सगळा,
काळाभोर, दुकानातून काढल्यासारखा,
आणि सोडल्यावर मुकाट परत गेला.
खालच्या कुलपात एक चकचकीत जीभ अडकवलेली,
तिला पट्टाच नव्हता.
सियागंजात जोडी मिळते साठ रुपयांना.
गाडी गप्प बसते मग.

"बाबांना तो आवाज सहन व्हायचा नाही,"
पलसीकर म्हणाले. थांबले.
"पोटावर रुततं म्हणायचे. मीच आणली."
मग पुढचा कप्पा उघडून दाखवला:
जोडीतली दुसरी, प्लास्टिकमध्येच होती अजून.

मी फोटो काढले. एक जवळून, एक लांबून.
त्यांनी विचारलं, क्लेमवर फरक पडेल का.
मी म्हटलं, मला नक्की सांगता येणार नाही.
हे खरं होतं. पण त्यांनी
क्लेमचं विचारलं नव्हतं, असं मला
देवास नाक्याच्या सिग्नलला लक्षात आलं.

माझ्या डाव्या सीटवर फायली,
वर दोन किलो बटाटे आणि पाण्याची बाटली.
गाडीला वाटलं कुणी बसलंय.
टुं टुं करायला लागली.
विजयनगर, पलासिया,
मी हात पुढे केला नाही.
रामबागेपर्यंत वाजू दिलं.