मोरस

सोसायटीनं कर्जतहून दोन ट्रक लाल माती आणली.
गुलाब लावले, जास्वंद लावली,
पाणी घातल्याची वेळ मी वहीत लिहीत गेलो.
मार्गशीर्षापर्यंत पानांच्या कडा करपल्या.

पंपाच्या खोलीमागे मात्र
न सांगता काहीतरी वर आलं,
मांसल, बारीक पानांचं, टोकांना जांभळट.
तण म्हणून उपटायला सांगितलं.

माळ्याच्या आधी पोचली चांगुणाबाय,
सारसोळ्याची, आमचे जिने पुसणारी.
पदराचा ओचा करून खुडत बसली.
"मोरस हाय ही. हितंच आमचे बापाचा आगर व्हता.
तुमची लिफ्ट हाय ना, थय मिठाची रास."
लिफ्ट तेव्हा सातव्यावर होती.

दुसऱ्या दिवशी डबा आला,
जवळा घालून केलेली भाजी.
एक घास चाखून बायकोनं सवयीनं
मिठाची चिमूट उचलली,
तोच दारातून चांगुणाबाय ओरडली,
"नुको! तिचा मीठ तिनंच आणलाय."

परवा अमावास्या.
पाऊस नाही, गळती नाही,
पंपाच्या खोलीची फरशी पहाटे ओली.
वहीत नोंद केली.
कारणाचा रकाना मोकळा सोडला.