वरचं दूध

डब्यावर चौकटीत लिहिलंय,
आईचं दूध हेच बाळासाठी सर्वोत्तम.
कायद्यानं छापावंच लागतं म्हणे.
रात्री अडीचला झाकण उघडताना
तो कायदा मी रोज वाचते.

पाणी खडकवासल्याचं, उकळून जरा निवलेलं.
चमचा सपाट, शिगोशीग नाही,
सुरीच्या पाठीनं वरची पावडर कापायची.
वारज्याच्या बायपासवरून साताऱ्याकडे निघालेले ट्रक
खिडकीची काच गुणगुणवतात
आणि पाच चमचे मोजता मोजता
चौथ्याला माझा हिशोब चुकतो.
ओतून देते. पुन्हा एकपासून.

शेडगे वहिनींनी जिन्यात विचारलं होतं,
वरच्या दुधावर आहे का?
वाकडं काही नव्हतं त्यांच्या मनात.
अंगावरचं आणि वरचं,
एवढ्याशा 'वर'मध्ये किती अंतर मावतं
हे भाषेला आधीपासून ठाऊक होतं,
मला निमाला घरी आणल्यावर कळलं.
साडेचार महिन्यांची होती ती.

घटकांची यादी मुंगीएवढ्या अक्षरांत.
गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड्स.
मग फ्रुक्टो, आणि पुढे तेच शेपूट.
हेरंब म्हणाला, वाचताना जीभ अडखळते,
पोटाचं काय होत असेल?

कर्वेनगरच्या क्लिनिकात डॉक्टर तेंडोलकरांना विचारलं.
म्हणाले, ही साखर बाळाला पचतच नाही.
पचू नये म्हणूनच घालतात.

आईच्या दुधातही म्हणे असा एक वाटा असतो
जो बाळाचा नसतोच.
तो न मोडता खाली उतरतो, पार मोठ्या आतड्यापर्यंत,
तिथे वस्ती करून असलेल्या बारक्या जिवांसाठी.
ते जेवतात, आणि खाल्ल्या अन्नाला जागतात.
आतड्याच्या भिंतीला शिकवतात
कुणाला आत घ्यायचं, कुणावर भुंकायचं.
डब्यातली साखर ही त्या वाट्याची नक्कल.

कितपत जमते नक्कल?
थोडीफार, ते म्हणाले. शी मऊ होते, एवढं खरं.
बाकी डब्यावर जितकं छापतात तितकं
अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.
मला तो माणूस आवडला.

माझे वडील जेवायला बसले की
ताटाभोवती पाणी फिरवून
भाताची चार शितं बाहेर ठेवायचे.
हे कोण खातं, मी विचारायचे.
मुंग्या, म्हणायचे, आणि वरण कालवायला घ्यायचे.

मग ते जीव येतात कुठून, डॉक्टर?

ते थांबले.
फाइलवर 'दत्तक' त्यांनीच लिहिलं होतं, निळ्या शाईत.
पहिले बहुतेक जन्मतानाच येतात, म्हणाले.
आईकडून.

तिचं नाव मला माहीत नाही.
संस्थेच्या कागदावर त्या रकान्यात आडवी रेघ आहे.
चिठ्ठी नाही, दुपटं नाही, काळा दोरासुद्धा नाही.
रिकाम्या हातानं पाठवलं, असं मी म्हणायचे.
मनातल्या मनात, पण म्हणायचे.

आणि ही पोर तर
पोटात पाठराखिणी घेऊन आली होती.

किती टिकल्या असतील, कोण जाणे.
संस्थेत असताना औषधांचे दोन कोर्स झालेत तिचे.
तरी एखादी असेलच कोपऱ्यात,
परक्या घरी अंग चोरून बसलेली,
कुणी पान वाढतंय का बघत.

अडीच वाजलेत. पाचवा चमचा, बरोबर.
बाई, तुझी माणसं माझ्याकडे आहेत.
मला तुझ्यासारखं वाढता येत नाही,
डब्यातलं वाढते. गोड मानून घे.
निमा डोळे मिटून ओढतेय,
तिची मूठ माझ्या गाऊनच्या बटणावर.

सकाळी लंगोट सोडला.
पिवळी, मऊ, हळदीच्या लेपासारखी.
मी हेरंबला हाक मारली.
तो तोंडात ब्रश घेऊन आला, वाकून बघितलं,
फेस सावरत म्हणाला,
जेवल्या वाटतं.