जोखीम भत्ता ०.००

मार्चच्या शेवटी पगाराच्या चिठ्ठीवर
एक नवी ओळ उगवली.
जोखीम भत्ता, तासाला दोन डॉलर.
मी ती गाडीत बसून वाचली, हातमोजे न काढता,
थंडर बेचं सरोवर अजून गोठलेलं होतं
आणि वारा तिकडूनच येत होता.

म्हणजे कुणीतरी बसून हे ठरवलं होतं.
टेबल असेल, कॉफी असेल…
नाही, तेव्हा सगळे आपापल्या घरी, स्क्रीनवर.
मध्येच कुणाचं तरी मांजर आलं असेल,
कुणी म्हणालं असेल, दीड?
आणि कुणी, दोन करू या, दोन बरं दिसतं.

दारावर फलक लागला : इथे वीर काम करतात.
मी राइली कोस्केला, काउंटर नंबर चार,
वय अठ्ठावन्न, डावा गुडघा सोडला तर सगळं ठीक.
वीर म्हटल्यावर मी मागे वळून पाहिलं,
कोण आलंय म्हणून.

आमच्यासमोर जाड प्लॅस्टिकची काच बसवली,
खाली एक फट ठेवून.
त्या फटीतून नोटा येत, कूपनं येत,
यीस्ट कधी येणार हा प्रश्न येई,
श्वासही येत असणारच.
एक गृहस्थ मास्क खाली ओढून शिंकले
आणि मास्क खराब होतो म्हणाले.

वेस्ली वाबूस बाहेरच्या ट्रॉल्या गोळा करायचा,
एकेक दांडा पुसायचा, पुसलेलाच पुन्हा पुसायचा.
घरी बापाचं डायलिसिस,
म्हणून हा अंगणात ट्रकमध्ये झोपायचा.
भत्त्याच्या पहिल्या पैशांतून त्याने स्लीपिंग बॅग घेतली,
उणे तीसपर्यंत चालणारी.
लेबल दाखवायला आत घेऊन आला,
दोन मीटरवरून उंच धरली,
नव्या लेकराला धरतात तशी.

जूनमध्ये मायक्रोवेव्हच्या वर कागद चिकटला.
परिस्थिती पूर्वपदावर येत असल्याने, वगैरे.
शनिवारपर्यंत धोका होता,
रविवारपासून नव्हता.
विषाणूला कुणी कळवलं की नाही, माहीत नाही.
आमच्या तोंडाला पानं पुसली,
तीही छापील : मनःपूर्वक आभार,
आणि केकवर वीस टक्के सूट.
फलक तेवढा राहिला. फलकाला पगार लागत नाही.

त्याच आठवड्यात माझ्या गल्ल्यात
चार डॉलर कमी भरले.
लेखी खुलासा द्या, म्हणाले.
मी लिहिलं : दोन तासांचा जोखीम भत्ता.
मग खोडलं.
कागद फाटेपर्यंत खोडलं,
आणि नव्या कागदावर लिहिलं :
मोजण्यात चूक झाली असावी.

खरं तर मोजणं मला येतं.
आठवड्याला साडेसदतीस तास,
पंच्याहत्तर डॉलर, कर कापण्याआधी.
अकरा आठवडे.
आठशे पंचवीस.
एवढ्यात माझ्या गाडीचे हिवाळी टायर आले
आणि थोडे उरले.
माझ्या फुप्फुसांचं भाडं म्हणून वाईट नाही,
पण मग ती त्यांनी परत केली,
वापरून झाल्यावर नव्हे,
वापर चालू असतानाच.

ती ओळ मात्र चिठ्ठीवरून गेलेली नाही.
सॉफ्टवेअरमधून काढायची कुणाच्या लक्षात राहिली नाही.
दर पंधरवड्याला येते :
जोखमीचे तास ०.००, दर २.००, रक्कम ०.००.
दर अजून तोच आहे. तेवढे तास नाहीत.

नोव्हेंबरात वेस्ली यायचा थांबला.
ट्रॉल्या बर्फात रुतून राहिल्या,
गिऱ्हाइकं कुरकुरली, मीही एकदा कुरकुरले.
जानेवारीत तो परत आला, दाढी वाढलेली,
पहिल्याच ट्रॉलीचा दांडा पुसायला लागला.
मी सुट्टीत त्याच्या ट्रकजवळून गेले.
पाठची सीट रिकामी होती,
स्लीपिंग बॅग नव्हती.
तो आता घरात झोपत होता.

मी काही विचारलं नाही.
त्यानेच विचारलं,
राइली, त्या केकवरची सूट अजून चालू आहे का?