मापवही

माझ्या मापवहीत
कुंदा खवणेकरच्या ब्लाउजखाली
(छाती छत्तीस, बाही साडेनऊ, गळा मागून खोल)
एक ओळ आहे, जिचं काहीच शिवायचं नाही:
मामंजी. उजवी मांडी. चव्वेचाळीस.

टेपची ही उलटी बाजू, सेंटीमीटरची,
मी कधी वापरलीच नव्हती.
कुडाळची फिजिओ सांगून गेली,
गुडघ्याच्या वाटीवर दहा, दर रविवारी, त्याच जागी,
आणि पेनाने एक टिंब काढून गेली.
आंघोळीत ते पुसतं.
मी माझ्या खडूने परत काढते.

सुनेनं सासऱ्याची मांडी मोजायची!
पहिल्या रविवारी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं
आणि भिंतीलाच विचारलं,
"माका झगो शिवतंस काय गो?"
मी हसले. तेही हसले.
मग टेपची दोन टोकं
नको तितक्या लवकर एकमेकांना भेटली.

याच वहीच्या मागच्या पानांवर
त्यांच्या खाकी हाफ पँटचं माप आहे,
मी या घरात आले त्या वर्षीचं.
मांडी: साडेवीस इंच.
आता सव्वासतरा.
सव्वातीन इंच न्हानू कुबल गेले कुठे?

देवबागच्या रापणीत चाळीस वर्षं
दोराच्या शेपटाला उभा राहिलेला माणूस,
टाच वाळूत रुतवून,
मागे कललेला, जसा काही आरामात बसलाय.
ओरोसला बावीस दिवस. त्यातले नऊ मशीनवर.
ताप आला की अंग आधी कोठीतलं खातं,
मग छपराचे वासे काढून चुलीत घालतं.
डॉक्टर असं नाही म्हणाले.
डॉक्टर म्हणाले, लढाईला लागणारा माल
शरीर स्नायूंतून काढतं,
आणि पडून राहिलेल्या पायाला वाटतं,
आपलं आता काम नाही.
वासे आणि चूल माझी.

पण मला खरं कळलं ते शिवणातून.
कपडा बेतताना आत दोन बोटं माया ठेवतात,
उद्या अंग भरलं तर सोडायला.
यांच्या अंगात समुद्रानं
ओढून ओढून माया घातली होती.
ती आतल्या आत उसवली.
वरचं कापड तेवढंच राहिलं,
पोटरीवरून ओघळणारं.

बोटांना मात्र सगळं आठवतं.
पडल्या पडल्या फाटकं जाळं तुणतात, न बघता.
पाय पलंगाखाली सोडले की
दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे बघतात.

अंडी दोन. मुगाचं कढण. बांगड्याचं तिकलं, काटे काढून.
फिजिओ म्हणते, नुसतं खाऊन पाय ऐकत नाही,
त्याच्यावर भार पडायला हवा.
खुर्चीतून उठा, हात न टेकता.
सोमवारी: एकही नाही.
गुरुवारी: अर्धा. (अर्धा मी लिहिला, ती लिहू देईना.)

मग मी खिडकीच्या गजाला
रापणीचा जुना दोर बांधला.
त्यांनी तो धरला,
आणि टाच लादीवर वाळू शोधू लागली.
शोधतच राहिली.
संध्याकाळी मी गोणभर वाळू आणून
खुर्चीपुढे ओतली.
फिजिओ ओरडली, घसरतील.
नाही घसरले.

नवरा होडीवरून फोन करतो, "बाबा चलतत?"
मी म्हणते, आज चार.
तो विचारतो, चार काय?
मी म्हणते, चारदा उठले.
पलीकडे नुसता इंजिनाचा आवाज येतो.

आज सहावा रविवार.
भिंतीकडे तोंड नाही. टेपकडेच बघत होते.
मधे त्रेचाळीसपर्यंत खाली गेलेलं माप
आज साडेत्रेचाळीस.
मी टेप ढिली धरली का?
शिंपीण आहे मी, गिऱ्हाइकाचं मन राखायला
अर्धा सेंटीमीटर कधी इकडे, कधी तिकडे केलाय.
परत मोजलं. कडक.
त्यांनी श्वास रोखला होता, जणू माप पोटाचं आहे.

आकडा पेन्सिलीनं लिहिला.
कुंदा दारात उभी होती,
म्हणाली, माझ्या ब्लाउजात जरा माया जास्त ठेव.