किरकोळ

मागच्या दिवाळीच्या आधी
एकवीस हजार सहाशे रुपये
मी ‘किरकोळ’ या सदरात लिहिले.
चहा, सुतळी, मागाचं तेल,
आणि त्याखाली त्याच निळ्या शाईत
एकवीस हजार सहाशे.
कुणी विचारलं नाही. वही मीच लिहिते.

फोनवरचा माणूस फार अदबीनं बोलत होता.
कँटीनसाठी तीनशे टॉवेल, पांढरे, काठाला हिरवी पट्टी.
पट्टी किती बोटं, तेसुद्धा विचारलं त्यानं.
तिथंच फसले.
पट्टीची रुंदी विचारणारं गिऱ्हाईक खोटं असेल
असं अक्कलकोट रोडला कुणाच्या मनात येत नाही.
‘आगाऊ रक्कम घ्या मॅडम, हा चौकोन स्कॅन करा,
पिन टाका, की जमा.’
टाकला.
अडकले म्हणाला, पुन्हा टाका.
पुन्हा टाकला.

बारा माग चालू असताना
एकावर आडवा धागा तुटला तर मला खुर्चीत कळतं.
खडखडाटात एक बारीक पोकळी पडते,
इरय्याच्या आधी मी उठते.
त्या दिवशी माझ्याच हातात दोनदा तुटलं
आणि मी बसून राहिले.

आता या गुरुवारची गोष्ट.
सूतवाल्या मगदुमांचा मेसेज आला:
‘डिअर मॅडम, आमचे खाते बदलले आहे.
थकबाकी आजच्या आज नवीन खात्यावर भरावी,
अन्यथा माल रोखण्यात येईल.’
वर त्यांचा शिक्का, कोनाचं चित्र, सगळं जागच्या जागी.
एक लाख चौऱ्याऐंशी हजार. आकडासुद्धा बरोबर.

फक्त, सातापा मगदूम बावीस वर्षं मला अक्का म्हणतात.
मॅडम कधीपासून झाले मी?

मेसेजमधला नंबर मी लावला नाही.
मीटरपेटीच्या शेजारी नायनांनी खिळ्यानं कोरलेला एक नंबर आहे,
तीन वेळा चुना बसलाय त्यावर.
बोटानं चाचपून वाचला.
इचलकरंजीत फोन वाजत राहिला, वाजत राहिला,
मग खोकला ऐकू आला.
‘खातं? अहो अक्का, खातं तेच, बँक तीच,
बँकेतला शिपाईसुद्धा तोच आहे.
सकाळपासून तिघांनी भरले.
विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या.’
थांबून म्हणाले, ‘एक तुमच्याच बोळातला.
मी सांगितलं म्हणू नका.’

सांगायची गरज नव्हती.
राजेशम येमूलचे माग दुपारी बंद होते.
बीम भरलेला, कांड्या भरलेल्या,
आणि तो पायरीवर बसून
मोबाईल रुमालानं पुसत होता.
‘लाईट नाही,’ म्हणाला.
वर पंखा फिरत होता.

मी शेजारी बसले. म्हटलं,
माझे एकवीस हजार सहाशे गेले. दिवाळीच्या आधी.
हे वाक्य मी पहिल्यांदाच
तोंडातून बाहेर काढलं,
कडक भाकरीच्या तुकड्यासारखं टोचत आलं.
त्यानं बघितलं नाही माझ्याकडे.
मोबाईल मात्र माझ्या हातात दिला.

‘किती वाजता भरले?’
‘साडेदहा.’
‘आता दोन वाजले. ऊठ.’
एकोणीसशे तीस लावला.
पलीकडं एक मुलगी, थकलेल्या आवाजाची,
व्यवहाराचा नंबर विचारत होती, एकेक आकडा.
राजेशम तेलगूत आकडे पुटपुटायचा,
मी मराठीत सांगायचे.
मध्येच लाईन तुटली. पुन्हा लावली.
मग बँकेत गेलो, स्कूटरवर, तो मागं बसला,
चप्पल घालायची विसरला होता.

पैसे सुटतील का, माहीत नाही.
थोडे पुढच्या खात्यात अडकलेत, असं कळलं.
थोडे म्हणजे किती, ते सोमवारी.

रात्री मी वही काढली.
‘किरकोळ’वर रेघ मारली, लाल पेननं,
आणि बाजूला लिहिलं: फसवले गेले.
मग चुन्याची भिंत पुसून
नायनांच्या नंबराखाली खिळा घेतला,
कांड्या भरणाऱ्या बायकांनाही वाचता येईल असं मोठं कोरलं:
पैसे घ्यायला पिन लागत नाही.
‘लागत’मधला ‘ग’ वाकडा आला.
राहू दिला.